संसदेत रब्बी उभा राहतो तेव्हा: देशासाठीच्या ज्यू प्रार्थनेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मागे एकदा आमच्या फॅमिली ग्रुपवर मी एक व्हिडिओ टाकला होता, अमेरिकेच्या हाऊस ऑफ रिप्रेझेंटेटिव्हजमध्ये एक रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, कामकाज सुरू होण्याआधी प्रार्थना म्हणतायत, दोन मिनिटांचा पण नाही. त्यावर एवढे प्रश्न आले की प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर देता देता मी थकलो. काका म्हणाले संसदेत प्रार्थना कशाला, मावशीने विचारलं डोक्यावर टोपी चालते का तिथे, भाच्याने विचारलं ज्यू लोक ट्रम्पसाठी प्रार्थना करतात का बायडेनसाठी. मी पुण्यात कॅम्पात वाढलो, लाल देवळावरून, म्हणजे तिथल्या सिनेगॉगवरून (ज्यू प्रार्थनास्थळ), रोज शाळेत जायचो, शेजारी बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, कुटुंब होतं, त्यामुळे हा विषय माझ्या जवळचा आहे. म्हणून सगळे प्रश्न एकाच जागी घेतलेत.

ही प्रार्थना म्हणजे नक्की काय असतं?

दोन गोष्टी आहेत आणि लोक त्या एकत्र करतात. एक म्हणजे सिनेगॉगमध्ये शनिवारी सकाळी म्हणतात ती देशासाठीची, सरकारसाठीची प्रार्थना. तोराचं, म्हणजे ज्यू धर्मग्रंथाचं, वाचन झालं की ती गुंडाळी परत कपाटात ठेवायच्या आधी ही म्हणतात, सगळे उभे असतात. दुसरी म्हणजे विधिमंडळात, संसदेत कामकाजाच्या सुरुवातीला पाहुणा म्हणून बोलावलेला रब्बी जी म्हणतो ती. पहिलीचा मजकूर बराचसा ठरलेला, दुसरी प्रत्येक रब्बी स्वतः लिहितो. पण मूळ एकच आहे, पहिली समजल्याशिवाय दुसरी कळत नाही.

मूळ कुठलं?

यिर्मयाचं पत्र. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या सुरुवातीला बाबेलच्या (बॅबिलोनच्या) राजाने जेरुसलेममधले लोक पकडून नेले, अजून मंदिर पडायचं होतं पण हद्दपारी सुरू झाली होती. तिकडे अडकलेल्या लोकांना यिर्मया संदेष्ट्याने पत्र पाठवलं. लोकांना वाटत असणार की आता तो लिहील धीर धरा, शत्रूचा नाश होईल. तर तो लिहितो घरं बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्नं करा, आणि ज्या शहरात तुम्हाला धरून नेलंय त्या शहराचं भलं चिंता, त्याच्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या शांतीत तुमची शांती आहे. यिर्मया अध्याय २९, ओवी ७. म्हणजे ज्यांनी तुमचं घर जाळायला घेतलंय त्यांच्या शहरासाठी प्रार्थना करायची! मला तर हे वाचून प्रत्येक वेळी थांबायला होतं.

नंतर मिश्नामध्ये, म्हणजे रब्बींच्या शिकवणीच्या जुन्या ग्रंथात, पिरके आवोत म्हणून भाग आहे त्यात, रब्बी हनिना यांचं वचन येतं: राज्यसत्तेच्या कल्याणासाठी प्रार्थना करत जा, कारण तिचा धाक नसता तर माणसांनी एकमेकांना जिवंत गिळलं असतं. आपल्याकडे याला मात्स्यन्याय म्हणतात ना, मोठा मासा छोट्याला खातो, तर गंमत म्हणजे तालमूदमध्ये, म्हणजे मिश्नावरच्या चर्चांच्या ग्रंथात, याच वचनाच्या चर्चेत माशांचंच उदाहरण दिलंय, समुद्रात मोठा लहानाला गिळतो तसं राज्याचा धाक नसेल तर माणसांचं होईल. हनिना हे मंदिरातले मोठे अधिकारी, आणि त्यांच्या डोक्यावर सरकार होतं रोमचं. स्वतःचं नाही, परक्यांचं.

तर मुद्दा हा की ही प्रार्थना सत्तेत बसलेल्यांनी स्वतःसाठी लिहिलेली नाही. ज्यांच्या हातात काहीच नव्हतं त्यांनी लिहिली. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं वेगळं दिसतं.

"हानोतेन तेशुआ" असं ऐकलंय, ते काय?

या प्रार्थनेच्या जुन्या पाठाचे पहिले शब्द. अर्थ साधारण "जो राजांना विजय देतो", बायबलमधल्या स्तोत्र १४४ मधून घेतलेले. स्पेन-पोर्तुगालच्या यहुद्यांमधून हा पाठ पसरला आणि मग जवळपास सगळीकडे गेला, ॲमस्टरडॅम, लंडन, पुढे अमेरिका. त्यात त्या-त्या देशाच्या राजाराणीचं नाव घालायची जागा असते. १६५५ मध्ये मनाश्शे बेन इस्रायल नावाचे ॲमस्टरडॅमचे रब्बी इंग्लंडचा तेव्हाचा सत्ताधीश क्रॉमवेल याच्याकडे गेले, यहुद्यांना इंग्लंडमध्ये परत राहू द्या म्हणून, तेव्हा आम्ही किती निष्ठावान असतो याचा पुरावा म्हणून त्यांनी हीच प्रार्थना छापून दाखवली होती. म्हणजे कधीकधी ती अर्जासोबत जोडलेल्या दाखल्यासारखी पण वापरली गेलीय.

आणि एक बारीक गोष्ट. त्या स्तोत्रात "राजांना विजय देतो" याच्या पुढची ओवी आहे "मला परक्यांच्या हातून सोडव, त्यांच्या तोंडी असत्य असतं". ती ओवी प्रार्थनेत नाही घेतलेली. पण ज्यांना स्तोत्रं पाठ होती त्यांना पुढचं माहीत होतंच की. राजासाठी मनापासून आशीर्वाद मागायचा आणि राजापेक्षा वर कोण बसलाय ते विसरायचं नाही, दोन्ही एका श्वासात.

अमेरिकेत तर राजाच नाही, मग कोणाचं नाव घेतात?

हा प्रश्न तिथल्या यहुद्यांना पण पडलाच. स्वातंत्र्यानंतर लगेच नवे पाठ तयार व्हायला लागले. १७८९ मध्ये रिचमंडच्या मंडळीने हिब्रूत एक प्रार्थना रचली, तिच्या ओळींच्या सुरुवातीच्या अक्षरांतून वॉशिंग्टनचं नाव निघतं. त्यानंतर बराच काळ जुना पाठच चालला, राजाच्या जागी राष्ट्राध्यक्ष, उपराष्ट्राध्यक्ष वगैरे घालून.

मोठा बदल १९२७ मध्ये. लुई गिन्झबर्ग म्हणून प्रचंड विद्वान माणूस, न्यूयॉर्कचे, त्यांनी कॉन्झर्व्हेटिव्ह या ज्यू पंथाच्या प्रार्थनापुस्तकासाठी नवा पाठ लिहिला. त्यात "राजाला विजय दे" हे गेलं, आणि आशीर्वाद मागितला तो देशासाठी, त्याच्या सरकारसाठी, नेत्यासाठी आणि सल्लागारांसाठी, त्यांना न्यायाने वागायची बुद्धी दे म्हणून, आणि वेगवेगळ्या वंशांच्या धर्मांच्या लोकांमध्ये बंधुभाव राहू दे म्हणून. प्रजेची प्रार्थना होती ती नागरिकाची झाली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी उडी आहे, आणि ती कुठल्याही संसदेत नाही, प्रार्थनापुस्तकात मारलेली.

विधिमंडळात पहिल्यांदा ज्यू प्रार्थना कधी झाली?

अमेरिकेच्या संसदेत, १ फेब्रुवारी १८६० ला. रब्बी मॉरिस राफेल, न्यूयॉर्कच्या ब्नाई येशुरून मंडळीचे, जन्म स्टॉकहोमचा, बरीच वर्षं इंग्लंडमध्ये काढून आलेले.

तो दिवस काय होता ते सांगायलाच पाहिजे. हाऊसचं अधिवेशन ५ डिसेंबर १८५९ ला सुरू झालं होतं आणि स्पीकरच निवडता येत नव्हता. गुलामगिरीवरून उत्तर-दक्षिण अशी उभी फूट, मतदानावर मतदान चाललेलं, कोणालाच बहुमत नाही, खासदार कोटात पिस्तुलं घेऊन यायचे म्हणतात. जवळपास दोन महिने असं. त्या काळात हाऊसला कायमचा चॅप्लेन, म्हणजे सभागृहाचा धर्मगुरू, नव्हता, वॉशिंग्टनमधले धर्मगुरू आळीपाळीने येऊन प्रार्थना म्हणायचे, सगळे ख्रिश्चन. शहरातल्या ज्यू मंडळींचं म्हणणं पडलं की आमचीही पाळी यायला हवी, पण त्यांच्याकडे स्वतःचा दीक्षित रब्बी नव्हता म्हणून न्यूयॉर्कहून राफेलना बोलावलं.

आता डोळ्यासमोर आणा. भांडून भांडून थकलेलं सभागृह, आणि तिथे एक साठीचा माणूस मखमली टोपी घालून, खांद्यावर तल्लीत, म्हणजे झालरीची प्रार्थनेची शाल घेऊन उभा राहतो. तिथल्या बहुतेकांनी असा पोशाख कधी जवळून पाहिलाच नसणार. तो त्यांच्यासाठी प्रार्थना करतो आणि शेवटी अहरोनाच्या वंशजांना, म्हणजे याजकांना, सांगितलेला तो जुना आशीर्वाद देतो. आणि त्याच दिवशी ४४ व्या फेरीत न्यू जर्सीचे विल्यम पेनिंग्टन स्पीकर म्हणून निवडून आले! प्रार्थनेमुळे झालं असं मी म्हणणार नाही, वाटाघाटी आधीपासून चालल्याच होत्या, पण योगायोग म्हणून तरी लक्षात राहण्यासारखा आहे.

सगळ्यांना हे आवडलं असं नाही, काही पेपरांनी टीका केली, टिंगल पण केली. तेवढं सोडा. पण ज्यू घरांमध्ये त्या बातमीचा अर्थ वेगळा होता, की आपण इथे नुसते राहत नाही, या देशासाठी त्याच्या घरात उभं राहून मागणं मागू शकतो.

म्हणजे राफेल हे आदर्श म्हणायचे का?

नाही, आणि हे झाकून ठेवणं मला पटत नाही. वर्षभराच्या आत, ४ जानेवारी १८६१ ला, राष्ट्रीय उपवासाच्या दिवशी, त्यांनी न्यूयॉर्कमध्ये प्रवचन दिलं की बायबलमध्ये गुलामगिरी पाप मानलेली नाही. दक्षिणेतल्या गुलामांना दिली जाणारी वागणूक बायबलला धरून नाही असंही ते म्हणाले होते, पण लोकांनी धरलं ते पहिलं वाक्य, आणि गुलामगिरीच्या समर्थकांनी ते छापून वाटलं. बाल्टिमोरचे रब्बी डेव्हिड आइनहॉर्न यांनी जोरदार विरोध केला, म्हणाले ज्यांना इजिप्तच्या गुलामीतून देवाने सोडवलं त्यांच्या रब्बीने हे बोलावं? आइनहॉर्नना त्यांच्या मतांमुळे १८६१ च्या एप्रिलमध्ये जमावाच्या भीतीने बाल्टिमोर सोडून जावं लागलं. मला विचाराल तर माझा मान आइनहॉर्नना. संसदेत प्रार्थना म्हणायचा मान मिळाला म्हणजे माणूस बरोबर होतो असं नसतं.

संसदेत टोपी चालते का? (मावशीचा प्रश्न)

एकदम चांगला प्रश्न, कारण हाऊसमध्ये १८३७ पासून सभासदांनी टोपी घालून बसायला बंदीच होती. त्याआधी ब्रिटिश पद्धतीने लोक हॅट घालून बसायचे. पण प्रार्थना म्हणायला आलेल्या रब्बीने डोकं झाकणं हे पहिल्यापासून चालवून घेतलं गेलं, राफेल यांच्यापासून. सभासदांसाठी नियम बदलला थेट २०१९ मध्ये, इल्हान ओमर या हिजाब घालणाऱ्या खासदार निवडून आल्यावर, धार्मिक कारणाने डोकं झाकायला सूट दिली. म्हणजे रब्बीच्या टोपीला जे १८६० मध्ये मिळालं ते निवडून आलेल्या सभासदाला मिळायला आणखी १५९ वर्षं लागली.

आज रब्बीला कोण बोलावतं? अर्ज करता येतो का?

अमेरिकेत दोन्ही सभागृहांना १७८९ पासून चॅप्लेन आहेत (मधला तो काही वर्षांचा खंड सोडून), पगारी, सभागृहाने निवडलेले. आजपर्यंत त्यात एकही ज्यू झालेला नाही. पण पाहुणे चॅप्लेन बोलवायची पद्धत आहे. हाऊसमध्ये खासदार आपल्या मतदारसंघातल्या किंवा ओळखीच्या धर्मगुरूचं नाव सुचवतो, चॅप्लेनचं ऑफिस तारीख देतं. प्रार्थना छोटी ठेवायची, साधारण १५० शब्दांच्या आत, मजकूर आधी पाठवायचा, पक्षाचं राजकारण नको, सरकारी धोरणावर टोमणे नको, दुसऱ्या पंथाशी वाद नको.

मग त्या दिवशी स्पीकर हातोडा आपटतो, सगळे उभे राहतात, रब्बी स्पीकरच्या खालच्या पायरीवरच्या डेस्कशी येऊन प्रार्थना म्हणतो, लोक "आमेन" म्हणतात, मग आदल्या दिवशीच्या कामकाजाच्या नोंदीला मंजुरी, झेंड्याची शपथ, आणि ज्या खासदाराने बोलावलं तो एक मिनिट उभा राहून आमच्या गावचे हे रब्बी, यांनी अमुक केलं असं कौतुकाने सांगतो. ही एक मिनिटाची भाषणं मला फार आवडतात, कारण तिथे खासदार खासदार राहत नाही, गावच्या देवळातल्या गुरुजींबद्दल बोलणारा माणूस होतो. प्रार्थना संसदेच्या अधिकृत नोंदीत छापून येते. १८६० पासून असे शेकडो रब्बी येऊन गेलेत.

सभागृह तर बरेचदा रिकामं दिसतं, मग कोण ऐकतं?

खरंय, कॅमेरा मागे गेला की पाच-दहा माणसं दिसतात. पण रब्बीचं सगळं कुटुंब वर गॅलरीत बसलेलं असतं, आणि नोंद राहते. सिनेगॉगमध्ये तरी कुठे खासदार ऐकायला येतात, तिथेही म्हणतातच ना.

हिब्रूत म्हणतात की इंग्रजीत?

मुख्यतः इंग्रजीत, मध्ये एखादी ओळ हिब्रूत आणि लगेच तिचा अर्थ. सगळ्यात जास्त ऐकू येतो तो याजकांचा आशीर्वाद, बायबलमधल्या गणना अध्याय ६ मधला: परमेश्वर तुला आशीर्वाद देवो व तुझं रक्षण करो, आपला मुखप्रकाश तुझ्यावर पाडो व कृपा करो, आपलं मुख तुझ्याकडे करो व तुला शांती देवो. हिब्रूत हा फक्त १५ शब्दांचा आहे, पहिल्या ओळीत ३, दुसरीत ५, तिसरीत ७. मोठ्याने वाचून बघा, येवारेखेखा अदोनाय वेयिश्मेरेखा, प्रत्येक ओळ आधीपेक्षा लांब होत जाते, हात हळूहळू पसरावा तशी, आणि शेवटचा शब्द शालोम. घरी शुक्रवारी संध्याकाळी आईबाप मुलांच्या डोक्यावर हात ठेवून हाच म्हणतात. आमच्या शेजारच्या आजी त्यांच्या नातवाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायच्या ते मी दारातून पाहिलंय, तो बिचारा सुटायची वाट बघत चुळबुळ करायचा, त्या डोळे मिटून पूर्ण करायच्या. तेच शब्द देशाच्या खासदारांवर म्हणायचे म्हणजे त्यांनाही कोणाची तरी लेकरं समजणं झालं.

रोजची प्रार्थना येशूच्या नावाने असते, ज्यू सभासदांना खटकत नाही?

खटकतं, आणि त्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्यात. नेब्रास्का राज्याच्या विधिमंडळात रॉबर्ट पामर नावाचे एकच प्रेस्बिटेरियन चॅप्लेन १६ वर्षं होते, सरकारी पगारावर. १९८० मध्ये एका ज्यू आमदाराने तक्रार केली आणि पामर यांनी ख्रिस्ताचे उल्लेख स्वतःहून काढून टाकले. मला हा किस्सा महत्त्वाचा वाटतो, कारण कायद्याने सांगायच्या आधी एका माणसाने दुसऱ्याचं ऐकलं. पण एर्नी चेंबर्स नावाच्या आमदाराने मूळ पद्धतीलाच आव्हान दिलं, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, आणि १९८३ मध्ये कोर्टाने ६ विरुद्ध ३ ने सांगितलं की विधिमंडळातली प्रार्थना घटनाबाह्य नाही, देशाच्या पहिल्या संसदेपासूनची परंपरा आहे.

आणि ते ग्रीस गावाचं प्रकरण?

ग्रीस म्हणजे देश नाही, न्यूयॉर्क राज्यातलं रोचेस्टरजवळचं गाव. तिथे १९९९ पासून गावसभेच्या मीटिंगआधी प्रार्थना व्हायची आणि वर्षानुवर्षं फक्त ख्रिश्चन. दोन बायकांनी केस केली, एक ज्यू, एक नास्तिक. तक्रार झाल्यावर २००८ मध्ये गावाने एका ज्यू गृहस्थांना, एका बहाईला आणि एका विक्कन (जादूटोण्याशी जोडलेला एक नवा पंथ) पुजारिणीला संधी दिली, मग पुन्हा बहुतेक पहिल्यासारखंच. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ ने गावाच्या बाजूने निकाल दिला.

विरोधी मत लिहिलं न्यायमूर्ती एलेना केगन यांनी, त्या स्वतः ज्यू. त्यांचं म्हणणं संसदेतली प्रार्थना बंद करा असं नव्हतंच. त्या म्हणाल्या गावसभेत सामान्य माणूस आपलं काम घेऊन अधिकाऱ्यांसमोर उभा असतो, कोणी परवाना मागायला, कोणी सिग्नल बसवा म्हणायला, आणि त्याच क्षणी त्याला एकाच धर्माच्या प्रार्थनेत सामील व्हा किंवा सगळ्यांदेखत वेगळे पडा अशी पाळी येते. त्यांनी वॉशिंग्टनच्या १७९० च्या पत्राची आठवण करून दिली, न्यूपोर्टच्या ज्यू मंडळीला लिहिलेल्या, ज्यात तो म्हणतो या देशात धर्मद्वेषाला थारा नाही. निकाल विरुद्ध गेला तरी ते मत वाचण्यासारखं आहे, मला केगन यांचं पटतं.

स्त्री रब्बीने म्हटलीय का?

हो, सॅली प्रीसॅंड, ऑक्टोबर १९७३, हाऊसमध्ये. १९७२ मध्ये त्या अमेरिकेतल्या पहिल्या दीक्षित स्त्री रब्बी झाल्या आणि पुढच्याच वर्षी खासदार बेला ॲबझग यांनी त्यांना बोलावलं.

ब्रिटनमध्ये काय पद्धत?

तिथे कॉमन्समध्ये, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहात, रोजची प्रार्थना अँग्लिकनच, स्पीकरचे चॅप्लेन म्हणतात, खासदार भिंतीकडे तोंड करून उभे राहतात. यायची सक्ती नाही. ज्यू माणसाला आधी आत शिरायलाच झगडावं लागलं. लायनेल द रॉथशिल्ड १८४७ मध्ये लंडन सिटीतून निवडून आले पण शपथेत "खऱ्या ख्रिस्ती श्रद्धेनुसार" असे शब्द होते, ते म्हणणार नाही म्हणाले, बसू दिलं नाही. पुन्हा पुन्हा निवडून आले. शेवटी कायदा बदलला आणि २६ जुलै १८५८ ला त्यांनी डोकं झाकून, हिब्रू बायबलवर हात ठेवून शपथ घेतली. अकरा वर्षं! आणि या सगळ्या काळात लंडनच्या सिनेगॉगमध्ये दर शनिवारी राणीसाठी प्रार्थना चालूच होती.

इस्रायलच्या क्नेसेटमध्ये (तिथल्या संसदेत) तरी रोज प्रार्थना होत असेल ना?

नाही होत, बऱ्याच लोकांना याचं आश्चर्य वाटतं. क्नेसेटच्या इमारतीत सिनेगॉग आहे, ज्याला म्हणायची तो तिथे म्हणतो. देश उभा करणाऱ्यांत धार्मिक होते तसे कट्टर निधर्मीही होते, त्यामुळे देवाचा प्रश्न सुरुवातीपासून नाजूक. १४ मे १९४८ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात देवाचं नाव घालायचं का यावर वाद झाला, शेवटी "त्सूर यिस्राएल", इस्रायलचा खडक, असे शब्द घेतले, आस्तिकाने देव समजावा, नास्तिकाने लोकांची ताकद.

पण त्या दिवशी एक प्रार्थना झालीच. तेल अवीवच्या म्युझियमच्या हॉलमध्ये, शुक्रवारची दुपार, शब्बात, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासूनचा विश्रामदिन, सुरू व्हायच्या आत उरकायचं होतं, बेन गुरियन यांनी जाहीरनामा वाचला, आणि रब्बी येहूदा लेब फिशमन, पुढे मायमोन नाव घेतलं त्यांनी, शेहेखेयानू म्हटली: तू आम्हाला जिवंत ठेवलंस, सांभाळलंस आणि या वेळेपर्यंत आणलंस. नवीन फळ खाताना, नवे कपडे घालताना, सणाला म्हणतात तीच रोजच्या जगण्यातली छोटीशी प्रार्थना. युरोपातला तो संहार होऊन तीन वर्षं झाली होती फक्त. "जिवंत ठेवलंस" हे शब्द त्या हॉलमध्ये कसे वाटले असतील, मला कल्पना करवत नाही.

त्याच वर्षी मुख्य रब्बी हर्झोग आणि उझिएल यांनी इस्रायल राष्ट्रासाठीची प्रार्थना तयार केली, लेखक आग्नोन यांचाही हात लागला. तिची सुरुवात "आमच्या स्वर्गातल्या बापा, इस्रायलच्या खडका आणि तारणाऱ्या", म्हणजे जाहीरनाम्यातला तो खडक इथे आला पण यावेळी कोण ते स्पष्ट सांगून. पुढे नेते, मंत्री, सल्लागार यांना तुझा प्रकाश आणि सत्य पाठव असं मागणं आहे. सगळे म्हणतात असं नाही, बऱ्याच हरेदी, म्हणजे अति-सनातनी ज्यूंच्या, सिनेगॉगमध्ये म्हणत नाहीत, काही जण एखादा शब्द बदलून म्हणतात.

भारतात काय?

आपल्या संसदेत कुठल्याच धर्माची प्रार्थना नाही, अधिवेशनाच्या सुरुवातीला जन गण मन आणि शेवटी वंदे मातरम. मला हे आपल्या देशासाठी योग्य वाटतं. पण सिनेगॉगमध्ये देशासाठी प्रार्थना आहेच, ब्रिटिश अंमलात राजाराणीसाठी व्हायची, स्वातंत्र्यानंतर भारतासाठी. कोकणातून आलेले बेने इस्रायली, आडनावं दिवेकर, केहिमकर, अशी गावांवरून, घरात मराठी, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावाने नाव पाडलं शनवार तेली. मुंबईत १७९६ मध्ये पहिलं सिनेगॉग बांधलं, जुनी मशीद म्हणायचे त्याला. रब्बी असा त्यांच्यात पूर्वी नव्हताच, हझान प्रार्थना चालवायचा. विधिमंडळात नाही तरी मुंबई महापालिकेत १९३७ मध्ये डॉ. ई. मोझेस महापौर झाले, महालक्ष्मीचा ई. मोझेस रोड त्यांच्याच नावाचा. आणि महाराष्ट्र सरकारने ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला २०१६ मध्ये.

जो नेता आवडत नाही, त्याच्यासाठी प्रार्थना कशी करायची? (भाच्याचा प्रश्न, थोडा बदलून)

तालमूदमध्ये एक गोष्ट आहे. रब्बी मेइर यांच्या शेजारी गुंड राहायचे, फार त्रास द्यायचे, वैतागून ते मागायला लागले की हे मरूदेत. त्यांची बायको बेरुरिया, स्वतः विद्वान, तिने टोकलं. म्हणाली स्तोत्रात पाप संपू दे म्हटलंय, पापी संपू दे असं नाही म्हटलेलं, ते सुधारावेत म्हणून माग. त्यांनी मागितलं, आणि शेजारी सुधारले.

म्हणून बघ, या प्रार्थनेत नेत्याची स्तुती नसते. त्याला बुद्धी दे, न्याय दे, चांगले सल्लागार दे असं मागतात. ज्याला आधीच सगळं मिळालंय त्याच्यासाठी कोण मागेल? आवडत नसलेल्या नेत्यासाठी तर हे जास्तच मनापासून म्हणता येतं. तरीही काही अमेरिकन सिनेगॉगमध्ये निवडणुकीनंतर भांडणं होतात, नाव घ्यायचं की नुसतं पद, काही जण नाव गाळतात. मला पद म्हणणं बरं वाटतं, नाव दर चार-आठ वर्षांनी बदलतं.

मग तुझं मत काय, सभागृहात प्रार्थना असावी का?

काकांना सरळ उत्तर देतो. जिथे पद्धत आहे तिथे सगळ्यांना पाळी मिळाली पाहिजे आणि कोणावर सक्ती नको, उभं राहायची पण नाही. जिथे नाही तिथे नव्याने सुरू करायची गरज मला दिसत नाही. ज्यू परंपरेला तर संसदेची गरज कधीच नव्हती, दोन हजार वर्षं ती गल्लीतल्या छोट्या सिनेगॉगमधून सरकारसाठी मागत आलीय, सरकारला माहीत पण नसताना.

मी ज्यू नाही, रब्बीच्या प्रार्थनेला "आमेन" म्हटलं तर चालेल?

चालेल की. आमेन म्हणजे "हे खरं आहे, असंच होवो". फक्त आधी नीट ऐका काय मागतायत ते, आणि पटलं तरच म्हणा, ज्यू नियमातही न ऐकता आमेन म्हणू नये असंच आहे.

प्रत्यक्ष ऐकायची असेल तर?

हाऊसचं कामकाज टीव्हीवर १९७९ पासून आणि सेनेटचं १९८६ पासून दाखवतात, जुनी रेकॉर्डिंग मिळतात, पहिली दोन मिनिटं बघायची. आणि पुण्यात असाल तर लाल देऊळ, १८६७ चं, लाल विटांचं, उंच मनोऱ्याचं. शनिवारी सकाळी आत जायचं असेल तर आधी विचारून, ओळखपत्र घेऊन जा, सुरक्षेमुळे लागतं. पुरुषांनी डोकं झाकायचं, मोबाइल बंद. तोराची गुंडाळी परत ठेवायच्या जरा आधी सगळे उभे राहतील, तेव्हा तुम्हीही उठा.